डॉ. लुसी विल्स आणि परळची प्रयोगशाळा



रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर कुणी ना कुणी हातात कागद घेऊन उभे असते. पूर्वी ते शाळेचे दाखले नाहीतर सरकारी अर्ज असत. अलीकडे बहुतेक वेळा रक्ताचे रिपोर्ट असतात. फादर शिकलेले, त्यांना इंग्रजी वाचता येते, एवढाच त्यामागचा हिशोब. मी तत्त्वज्ञान शिकलो, वैद्यक नाही, हे अनेकदा सांगून झाले; उपयोग होत नाही. मग मी कागद हातात घेतो, जाड ठशातला आकडा शोधतो आणि तो सापडला की माझे ज्ञान तिथेच संपते.

दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आठवड्यात, असेच एक जोडपे आले होते. बाईला सहावा महिना. हिमोग्लोबिन ६.९. कारखान्यावर गेल्यावर गोळ्या चालू ठेवल्या तर चालेल का, एवढेच नवऱ्याला विचारायचे होते. उचल घेऊन झाली होती, ट्रक दोन दिवसांनी येणार होता. आपल्या धर्मग्रामातली एक नर्सताई शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातला कागद घेतला, पण लगेच वाचला नाही. आधी त्या बाईचा तळहात उघडून पाहिला. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली, नाडी धरली, चर्चच्या चार पायऱ्या चढायला लावल्या आणि श्वास कसा लागतो ते पाहिले. मग कागदावर खाली, मी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते अशा एका आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, गेल्या सहा महिन्यांत घरात पालेभाजी किती वेळा झाली. ती बाई कारखान्याच्या ट्रकमध्ये चढली नाही. जालन्याला दाखल झाली.

नर्सताईने बोट ठेवलेला तो आकडा म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. रिपोर्टवर त्याला एमसीव्ही म्हणतात. गरोदर बाईच्या रक्तात हा आकडा का पाहायचा आणि तो पाहून ताटात काय आहे हे का विचारायचे, याचे उत्तर शोधायला एका बाईने आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. त्यातली बरीचशी आपल्या मुंबईत, परळला. तिचे नाव डॉ. लुसी विल्स. वैद्यकाच्या पुस्तकांत ते सगळीकडे आहे, आपल्याकडे मात्र फारसे कुणी घेत नाही. या आठवड्यात तिची ओळख करून घेऊ.

लुसीचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड येथे झाला. घरचे बरे होते. वडिलांचा धारदार अवजारांचा कारखाना होता, त्यात विळे बनत. (पुढे तिच्या संशोधनाचा लाभ कोयता चालवणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचला हा योगायोगच, पण मला तो लिहिल्यावाचून राहवेना.) आजोबांचे भाऊ आल्प्स पर्वतातले नावाजलेले गिर्यारोहक होते आणि डोंगरांची ओढ तिच्यातही उतरली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेतून ती केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गेली. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाली. पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिज त्या काळी मुलींची परीक्षा घेत असे, पदवी देत नसे. ती द्यायला १९४८ साल उजाडले.

त्याच १९११ साली वडील गेले. १९१३ साली बहीण गेली. लुसी काही काळ सिलोनला आणि मग एका मैत्रिणीसोबत दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिली. तिथे असतानाच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या एका रुग्णालयात तिने काही आठवडे स्वयंसेवक म्हणून रुग्णशुश्रूषा केली. तिच्या चरित्रात ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकतात. मला ती तेवढी लहान वाटत नाही. दगड आणि पाने अभ्यासणारी ही सव्वीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा आजारी माणसाच्या खाटेशी उभी राहिली ती डॉक्टर म्हणून नव्हे, शुश्रूषा करणारी म्हणून. डिसेंबरात ती मायदेशी परतली आणि १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. १९२० साली डॉक्टर झाली. दवाखाना तिने कधी थाटला नाही. रॉयल फ्री रुग्णालयात गरोदरपणातल्या विकारांवर प्रयोगशाळेत काम करणे तिने पत्करले.

१९२८ साली तिला मुंबईचे बोलावणे आले. बोलावणाऱ्या होत्या डॉ. मार्गारेट बाल्फोर. हिंदुस्थानात स्त्रियांसाठी वैद्यकीय काम करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि आता बाळंतपणात बायका का मरतात याची पद्धतशीर चौकशी चालू होती. मरणाऱ्यांत एक वेगळाच गट दिसत होता. या बायकांना ना फार रक्तस्राव झालेला, ना ताप. दिवस भरत येतील तसतशा त्या पांढऱ्या पडत, अंगावर सूज येई, धाप लागे आणि बाळंतपणाच्या आगेमागे त्या जात. त्यांत गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका पुष्कळ होत्या. डॉक्टरांनी या आजाराला गरोदरपणाचा घातक पांडुरोग असे नाव देऊन ठेवले होते. लुसी विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत मुक्काम ठोकला. १९३३ पर्यंत, मधले उन्हाळे सोडले तर, तिचे काम मुख्यतः तिथेच चालले.

आता थोडे रक्ताविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. हिमोग्लोबिन कमी असणे हा एक परिणाम आहे, त्याची कारणे अनेक असतात. सेमिनरीत आम्हाला तर्कशास्त्र शिकवताना डोंगरावरच्या धुराचे जुने उदाहरण देत. धूर दिसला म्हणजे विस्तव आहे, हे खरे. पण लाकूड जळते आहे की गवत की कुणाचे घर, हे धूर सांगत नाही. त्यासाठी डोंगर चढावा लागतो. हिमोग्लोबिनचा आकडा हा असा धूर आहे. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. पण दुसऱ्या एका प्रकारात पेशींची संख्या घटते आणि ज्या असतात त्या मात्र नेहमीपेक्षा मोठ्या असतात. पेशीला विभागायला लागणारी सामग्री मिळत नाही. ती वाढत राहते, विभागत नाही. दोन्ही बायकांचा हिमोग्लोबिनचा आकडा एकच येऊ शकतो. लोहाची गोळी मात्र त्यांच्यातल्या पहिलीलाच उठवते.

आज हे आकारमान यंत्र सांगते. साधारण ८० ते १०० हा ठीक आकडा. त्याखाली लहान, त्यावर मोठी. १९२८ साली यंत्र नव्हते. बोटाच्या रक्ताचा थेंब, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि डोळे. पेशी मोजायच्या, हिमोग्लोबिन रंगाशी रंग जुळवून ठरवायचे, आणि भागाकार करून एकेका पेशीचा अंदाज बांधायचा. परळला येणाऱ्या या बायकांच्या पेशी मोठ्या होत्या.

मोठ्या पेशींचा एक आजार युरोपात माहीत होता. त्यावर १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी उपाय शोधला होता: दररोज भरपूर काळीज खायला द्यायचे. पुढे त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मुंबईच्या बायकांचा आजारही तोच असे म्हणून मोकळे होता आले असते. नाव तर तयारच होते. पण लुसी विल्सच्या नजरेला काही गोष्टी जुळेनात. युरोपातल्या रोग्यांचे हातपाय बधिर होतात, मज्जातंतू बिघडतात. या बायकांत तसे दिसत नव्हते. तो आजार बहुधा उतारवयात होतो. या तरुण होत्या. आणि त्यातून जी वाचे, तिचे रक्त बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप सुधारे. काचेखाली दोन्ही रक्ते सारखी, खाटेवर दोन्ही रोगी वेगळे. तिने खाटेवरच्या रोग्याला जास्त मान दिला, आणि मला वाटते तिच्या सगळ्या कामाचे मर्म इथे आहे.

मग ती प्रयोगशाळेबाहेर पडली. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिने मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या स्त्रियांच्या घरची पाहणी केली आणि ती १९३० साली प्रसिद्ध झाली. आडनाव मुंबईचेच आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कुणाच्या घरात उजेड किती, हवा किती, कुणाच्या ताटात काय पडते, दूध किती, भाजी किती, फळ कधी, याची नोंद घेतली गेली. दिसले ते असे की हा आजार गरीब मुसलमान बायकांत अधिक होता आणि त्यांच्या ताटात हिरवी भाजी, फळे आणि सकस अन्न फार कमी होते. ज्यांचे ताट बरे, त्यांच्यात हा आजार कमी. म्हणजे कारण रक्तात शोधायचे नव्हते. ते चुलीपाशी होते.

तिथून पुढे मात्र वाट सरळ नव्हती, आणि ती सरळ होती असे दाखवणे तिला स्वतःलाही आवडले नसते. आधी अ आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिले. काही झाले नाही. मग गाभण उंदरांना त्या बायकांसारखे अन्न देऊन पाहिले. उंदरांना पांडुरोग झाला आणि यीस्ट दिले की तो टळू लागला. सिद्ध झाले म्हणावे, तर पुढे ध्यानात आले की उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि उवांतून पसरणारा एक जंतू स्वतःच रक्त खात होता. आकडे खरे होते, त्यांचा अर्थ भेसळीचा होता. अशा वेळी माणसाला आपल्या आवडत्या निष्कर्षाला चिकटून राहावेसे वाटते. तिने प्रयोग माकडांवर नव्याने केले. त्यात बिलिमोरिया हे तिचे सहकारी होते. एका माकडाची अवस्था फारच खालावली तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्याला मार्माइट दिले आणि ते झपाट्याने सुधारले, अशी हकिगत सांगतात.

मार्माइट म्हणजे काय, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसेल. दारू गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळपट, चिकट, खारट असा पदार्थ. इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. चवीबद्दल तिथल्या लोकांतही दोन तट आहेत. पण तो स्वस्त होता आणि टिकत होता, तर रोज ताजे काळीज परवडणे गिरणीतल्या बाईला शक्य नव्हते. लुसी विल्सने मार्माइट आजारी बायकांना दिले. मग रोज रक्त पाहायचे. अस्थिमज्जेतून नुकत्याच सुटलेल्या कोवळ्या पेशी विशेष रंग लावला की ओळखता येतात. हिमोग्लोबिन चढायला आठवडे लागतात, पण उपाय लागू पडला असेल तर या कोवळ्या पेशी काही दिवसांतच एकदम वाढतात. त्या वाढल्या. बायकांना भूक लागू लागली, सूज उतरली. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

यीस्टमध्ये नेमके काय आहे हे तिला माहीत नव्हते. तिने तसे सांगितले आणि काम पुढे नेले. १९३७ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा दहा आठवड्यांसाठी परळला आली. या खेपेला कराचीपर्यंत विमानाने, तिच्या आयुष्यातला असा पहिलाच हिंदुस्थान प्रवास. त्या सुमाराच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पक्की झाली: काळजाचा कच्चा अर्क या बायकांना गुण देतो, पण तोच अर्क शुद्ध केला की युरोपातल्या आजाराला लागू पडतो आणि या बायकांना पडत नाही. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून दिले जाते, त्यातच यांचे औषध होते. दोन आजार वेगळे आहेत हे तिचे आधीचे निरीक्षण आता प्रयोगाने उभे राहिले. त्या अज्ञात द्रव्याला वैद्यकात विल्स फॅक्टर असे नाव पडले.

१९४१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल ठेवले. (सेमिनरीत घोकलेले लॅटिन असे कुठेतरी कामाला येते.) १९४५ च्या सुमारास लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवले गेले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. लुसी विल्स परळमध्ये ज्याच्या मागावर होती ते द्रव्य हेच, असे त्यानंतर स्पष्ट झाले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मोठ्या पेशी म्हटले की फोलिक असे समीकरण करून चालत नाही. युरोपातला तो दुसरा आजार बी-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता, आणि आपल्याकडे शाकाहारी, दूधही न मिळणाऱ्या माणसांत बी-१२ कमी असणे हे नेहमीचे आहे. अशा रोग्याला नुसते फोलिक दिले तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि मज्जातंतू मात्र बिघडत राहतात. रिपोर्ट छान, आणि माणसाच्या पायाला मुंग्या. म्हणून तळपायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, हे नर्सताई विचारते. ती उगाच गप्पा मारत नसते. दुसरे असे की, लोह आणि फोलिक दोन्ही कमी असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून आकारमानाचा आकडा अगदी ठीक दिसू शकतो. आपल्या भागात हे फार होते. गरोदरपणात रक्तातले पाणी वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरतेच. म्हणून गरोदर बाईसाठी रेषा ११ वर धरतात. उलट जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले की तोच आकडा खोटा चढतो. आणि ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त काढले तर रिपोर्ट रोग्याचा न येता सलाइनचा येतो. हे सगळे यंत्राला कळत नाही. ते खाटेशी उभ्या असलेल्या बाईला कळते, तिला विचारायला वेळ मिळाला तर. एका वॉर्डात तीस खाटा आणि एक नर्स असेल तर तो वेळ कुठून यायचा, हा प्रश्न मी मोठ्या लोकांपुढे मांडून पाहिला आहे. उत्तर आलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. विल्स लंडनमध्येच रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहिली. जुलै १९४४ मध्ये त्या रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडून मोठी हानी झाली. १९४७ साली ती निवृत्त झाली, म्हणजे कागदोपत्री झाली. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन ती लोकांच्या आहाराचा आणि पांडुरोगाचा अभ्यास करत राहिली. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाकडून नगरसेवक म्हणून अखेरची दहा वर्षे काम केले. तिने लग्न केले नाही. मैत्रिणी पुष्कळ होत्या आणि आयुष्यभर टिकल्या. सायकल, डोंगर आणि बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ हे तिचे शौक. १६ एप्रिल १९६४ रोजी ती वारली.

तिच्या हयातीत जे कुणाला माहीत नव्हते ते नंतर उघड झाले. गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतात, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळायच्या आत. त्या वेळी फोलिक कमी असेल तर कणा उघडा राहू शकतो. आधी असे मूल झालेल्या बायकांना पुढच्या खेपेला गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक दिले तर धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. त्यानंतर अनेक देशांनी पिठातच फोलिक घालायला सुरुवात केली.

आपल्याकडे उपकेंद्रात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फोलिकची गोळी वेगळी देतात. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून पुष्कळ जणी ती उतरंडीमागे टाकून देतात, हे आशाताईंनाही माहीत आहे आणि मलाही. गोळी आणि चहा यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळीवर भागत नाही. मोठ्या रुग्णालयात जावे लागते, ट्रक दारात उभा असला तरी.

त्या ताईची जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली होती. तिखट लागते म्हणून ती महिनाभर कोरडी भाकर पाण्यात बुडवून खात होती. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते. आता रानात हरभरा आला आहे. तिच्या सासूने परवा कोवळा पाला खुडून आणला, भाजी केली आणि आम्हालाही डबा पाठवला.